फोन वाढला

या सदरातले अतर्क्य अनुभव मी चार वर्षांपासून वाचतेय आणि खाली येऊन 'बॅटरी चेक करा', 'झोप पुरी घ्या' असल्या कमेंट टाकणारी जी कुणी आहे ना... ती मीच. कुणाला राग आला असेल तर आज उट्टं काढून घ्या. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत कामाला, आई घरच्या चार शेळ्या बघते. त्यामुळे देवऋषी, बाहेरची बाधा हे सगळं मी लहानपणापासून ऐकलं आणि कॉलेजला गेल्यावर एकेक करून डोक्यातून काढून टाकलं. तरी हे लिहितेय, कारण जे घडलं ते घडलं.

आधी एक शब्द सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची आई अशुभ बोलत नाही. बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं. दुकान 'बंद केलं' नाही, 'वाढवलं'. हे तुमच्याकडेही असेल. पण आईने हा नियम मोबाईललासुद्धा लावला होता. माझा फोन दिवाळीपासून मधेच बंद पडायचा — चाळीस टक्के चार्जिंग असताना एकदम काळा! मी वैतागून म्हणायचे, "मेला परत!" की आई चुलीपासून ओरडायची, "मेला म्हनू न्हाई गं वंदे. वाढला म्हनावं!"

"अगं आई, फोन वाढला म्हटलं तर लोकांना वाटेल मोठा झाला."

"वाटू दे की. तुजं काय जातंय?"

मी काही तो शब्द कधी वापरला नाही. एकदाही नाही. हे लक्षात ठेवा.

तर सोलापुरात एका शिक्षणसंस्थेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली होती. लेखी परीक्षेत माझा पहिला नंबर आला. आता फक्त कागदपत्रं तपासायची होती, संस्थेच्या शुक्रवार पेठेतल्या ऑफिसात, दुपारी दोनला. चारला यादी बंद. जो राहील त्याच्या जागी खालचा.

सकाळी आठच्या एसटीने आमच्या मोडनिंबहून निघाले. फाईल मांडीवर. सोलापूर स्टँडवर उतरले आणि फोन काळा. पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून तीस आकडे मोजले. काही नाही. चहाच्या टपरीवर चार्जिंगला लावला, वीस मिनिटं. ना चिन्ह, ना थरथर. दुसरी केबल, दुसरा चार्जर, चार्जिंगच्या भोकात फुंकर... सगळं झालं. हातात नुसती काच.

वेळ होता म्हणून नव्या पेठेत अंबादास अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे कॉलेजपासूनचे आमचे मोबाईलवाले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि फोनशी दोन्ही. त्यांनी आधी सिम काढून माझ्या हातात दिलं. "हे पर्समधी ठेवा ताई, नंतर माझ्या नावानं बोंब नको." मी ते चिल्लरच्या कप्प्यात टाकून चेन लावली. मग अण्णांनी मागची काच गरम करून काढली, बॅटरी उचलून बाजूला ठेवली, बोर्ड सुटा केला. पावतीवर लिहिलं — 'फोन डेड, ११.२०'. त्यांना लिहायची शिस्त आहे.

त्यांच्याकडे भिंगाचं यंत्र आहे. मला म्हणाले, "सायन्सवाल्या ना तुमी? बघा." मी डोळा लावला. शहराचा नकाशा वरून बघावा तसा बोर्ड दिसत होता. अण्णा एकेक जागा दाखवत होते. "हितं शॉर्ट हाय बघा. पार्ट उद्या येईल." बारा वाजेपर्यंत मी तिथेच बसले होते. फोन माझ्यासमोर तीन तुकड्यांत होता. हेही लक्षात ठेवा.

दोनला ऑफिसात नंबर लागला. तपासायला एक चष्मेवाले साहेब. कागद पटापट उलटत होते. दहावी, बारावी, जातीचा दाखला... आणि थांबले.

"पदवी प्रमाणपत्र?"

"ही साक्षांकित झेरॉक्स आहे सर."

"ओरिजिनल."

"ते... घरी आहे."

"घरी कशाला ठेवलंत? पूजा करायला?"

काय सांगणार! खरंच पूजा करायला. ज्या दिवशी पदवी हातात आली त्या दिवशी वडिलांनी ती फ्रेम करून आणली. आईने भिंतीवर देवांच्या शेजारी लावली. दर शुक्रवारी काचेला हळदकुंकू. झेरॉक्स चालेल असं मीच ठरवून टाकलं होतं. फ्रेम उतरवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"सर, भिंतीवर आहे. फ्रेम केलीय."

मागची रांग हसली. साहेबही हसले. "मग भिंत घेऊन या चारच्या आत."

मोडनिंबहून यायला एसटीला दीड तास, आणि घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं. रांगेतल्या एका मुलीचा फोन मागून आईला लावला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वडील बागेत, त्यांच्याकडे फोनच नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसले. रडले नाही, खोटं कशाला सांगू, पण आपण शिकलो आणि शिकल्याचाच कागद आपल्याकडे नाही... हे फार लागलं. खालच्या नंबरचा मुलगा समोरच उभा होता. बिचारा माझ्याकडे बघायचं टाळत होता.

तीन वाजून दहा मिनिटांनी जिन्यातून आवाज आला. "हितं वंदना कोन हाय का? माजी लेक?"

आई! डोक्यावर पदर, घामाने डबडबलेली, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली सोलापुरी चादर. चादरीत फ्रेम. काचेवर शुक्रवारचं कुंकू तसंच.

मी उठून उभीच राहिले. ती मात्र माझ्या बाजूने सरळ आत गेली आणि टेबलावर फ्रेम ठेवली. "घ्या सायेब. खिळे लई बारीक हायत, जपून काडा. कागुद फाटला न्हाई पायजे."

साहेबांनी शिपायाला पक्कड आणायला सांगितली आणि खिळे स्वतःच्या हाताने काढले. कागद उजेडात धरला, शिक्का बघितला. यादीवर माझ्या नावापुढे बरोबरची खूण करताना म्हणाले, "मावशी, भिंत आणली तुम्ही."

"व्हय की," आई म्हणाली. तिला काय ठाऊक आधीचा विनोद. रांगेतले सगळे हसले. या वेळी मीसुद्धा.

बाहेर आल्यावर आईला पाणी पाजलं आणि विचारलं, "तुला सांगितलं कुणी?"

"कुनी म्हंजी? तूच की. फोन केलास न्हाई का?"

"मी? कधी?"

"आगं, शेळ्यास्नी पानी दावत हुते तवा. म्हनालीस, भिंतीवरची फ्रेम काडून घेऊन ये, शुक्रवार पेठंत, चारच्या आत. परत फोन करू नगं, फोन वाढलाय." आणि माझा गाल धरून हसली. "आज पैल्यांदा शानी बोललीस, तवा लई बरं वाटलं बघ."

 

तिच्या कमरेच्या पिशवीतून तिचा बटणांचा फोन काढला. मी केलेले दोन कॉल परक्या नंबरवरून, न उचललेले. दोन्ही हातांत फ्रेम, ती उचलणार कशी! आणि त्यांच्याखाली, उचललेल्या कॉलमध्ये, माझं नाव. ११.४२. तिच्या फोनमधली वेळ ऑफिसच्या घड्याळाशी ताडली, बरोबर होती. पर्सची चेन उघडली. सिम चिल्लरमध्ये.

दोघी अण्णांकडे गेलो. फोन ट्रेमध्ये, तसाच तीन तुकड्यांत. अण्णांनी आईचा फोन बघितला, पावती बघितली, मग माझ्याकडे. "ताई, ह्या टायमाला तुमी भिंगात बघत हुता."

दुसऱ्या दिवशी पार्ट बसला, फोन सुरू झाला. त्यात तसा कॉल नाही. सिमच्या कंपनीकडून त्या दिवसाच्या कॉलचा तपशील मागवला, त्यातही नाही. कुणी नंबरची नक्कल केली म्हणावं, तर फ्रेमचं त्याला कसं कळलं? अकरा बेचाळीसला मलाच माहीत नव्हतं की ती लागणार आहे! आणि तो शब्द... आईला खोदून खोदून विचारलं. ती एवढंच म्हणते, "आवाज तुजाच. फकस्त घाई नव्हती, एरवी असती तशी."

 

नोकरी मात्र लागली! वर्ष होत आलं. ओरिजिनल आता फाईलमध्ये असतं, भिंतीवरच्या फ्रेममध्ये झेरॉक्स. आई तिलाही कुंकू लावते. मागच्या आठवड्यात लॅबमध्ये प्रयोगाचा बल्ब उडाला. पोरी ओरडल्या, "मॅडम, बल्ब मेला!" माझ्या तोंडून आपोआप गेलं, "मेला नाही गं, वाढला म्हणा."

आणि खाली 'बॅटरी चेक करा' असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांच्यासाठी — केली होती. अण्णांच्या टेबलावर पडली होती, माझ्या डोळ्यांसमोर.