कोआला आणि नदीवरची हिरवी साय

कोआलाने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही, पण त्या दिवशी प्रतिभाबाईंना तो डोळ्यांसमोर नको झाला होता. सायखेड्याच्या अलीकडच्या एका गावात त्या विज्ञान शिकवतात. प्रदर्शनासाठी त्यांनी तुलनेचा तक्ता केला. डावीकडे कोआला: पिल्लाला पिशवीत वाढवणारा, निलगिरीची पानं खाऊन दिवसभर झोपणारा, जंगलं तुटल्याने कमी होत चाललेला. उजवीकडे गोदावरीवरची हिरवी साय, म्हणजे सायनोबॅक्टेरिया: एकेकटा डोळ्यांना न दिसणारा, पण सांडपाणी आणि खतं मिळाली की पात्र झाकणारा, कधीकधी विषारी. एक माणसामुळे संपतोय, दुसरा माणसामुळेच माजतोय. त्यांना खरं सांगायचं होतं ते एवढंच, की शाळेची टाकी नदीवरून भरू नका, बोअरवरून भरा. तीन वर्षं अर्ज करून त्या मेटाकुटीला आल्या होत्या. आज तालुक्याचे साहेब येणार, म्हणून काल त्यांनी शाळेच्या पंपापाशी नदीची बाटली भरून घरी आणली.

सकाळी बघतात तर पाणी नितळ!

"गंगेचं पाणी पार हिरवं पडलं व्हतं," सासूबाई, साळूबाई, कौतुकाने म्हणाल्या; गोदावरी त्यांच्या तोंडी गंगाच. "फडक्यानं दोनदा गाळलं. सायबापुढं घाण पाणी न्यायचं नाय."

आता रागवायचं तरी कुणावर? त्या माउलीने चाळीस वर्षं असंच गाळून घरादाराला पाजलं होतं. पुन्हा नदीवर जायला वेळ नव्हता, तीच बाटली घेऊन त्या शाळेत गेल्या.

प्रदर्शनात साहेब तक्त्यावरच्या कोआलापाशीच रेंगाळले. "किती गोड! वाचवायलाच हवा." मग त्यांनी बाटली उचलली. "हे तर स्वच्छ दिसतंय, मॅडम."

"साय गाळता येते साहेब, विष गाळता येत नाही. उकळूनही जात नाही."

"उगाच मुलांना घाबरवू नका," साहेब हसले.

प्रतिभाबाईंचं डोकंच फिरलं. त्यांनी पेला भरून पुढे केला. "मग घ्या."

साहेबांनी हात मागे घेतला, वहीत 'कोआलाची माहिती उत्तम' असा शेरा लिहिला आणि चालू लागले.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं नळांकडे पळाली. प्रतिभाबाई त्यांच्या पुढे धावल्या, टाकीचा कॉक बंद केला आणि तिथेच पाय रोवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, साहेब बघतायत!" मुख्याध्यापक धोंडीराम सर ओरडले.

"बघू द्या. साहेब पीत नाहीत ते पाणी माझी मुलंही पिणार नाहीत."

रांगेत पहिली तेजल उभी होती. तिने रिकामी बाटली वर धरली. "बाई, मग आम्ही काय प्यायचं?"

"साहेबांना विचार," प्रतिभाबाई म्हणाल्या.

साहेब गाडीत बसत होते.