कड्यावरची पालथी घागर

ती पालथी घागर आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण पेन्शनीत बसलेल्या माणसाला कोणती केस आठवावी, हे काही त्याच्या हातात नसते. मला आठवते ती नातेपुत्याची, आणि त्या केसमध्ये गुन्हाच नव्हता.

एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी नवा फौजदार म्हणून नातेपुते ठाण्यावर हजर झालो होतो. ठाण्याच्या ओसरीवरून पश्चिमेला पाहिले की महादेवाचा डोंगर भिंतीसारखा उभा दिसे. खाली काळी सपाट राने, वर नुसता माळ, मुरूम आणि कुसळाचे गवत. हद्दीतले एक गाव कड्याच्या डोक्यावर होते आणि दुसरे बरोबर त्याच्या पायथ्याशी. वरच्या गावातून खालच्या गावच्या चुलींचा धूर दिसे, पण गाठायचे तर खिंडीच्या गाडीरस्त्याने वळसा घालून सबंध दिवस मोडे. दुसरी वाट नाही, असे चावडीत बसणारा प्रत्येक जण सांगे. हिवाळ्यात त्या खिंडीतून घोड्यावर जाताना अंगावर येणारा गार वारा आणि वाळल्या गवताचा वास मला अजून हवाहवासा वाटतो. गावांची नावे मात्र सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

एका बाजारच्या दिवशी लाकडाच्या मोळ्या विकणारा एक म्हातारा ठाण्याच्या पायरीशी घुटमळताना दिसला. स्वतःची तक्रार द्यायची असली की माणूस सरळ आत येतो. दुसऱ्याबद्दल सांगायचे असले की पायरीशी घुटमळतो. हवालदाराने त्याला आत आणून पाणी दिले.

"सायेब, माझं नाव कुटं घिऊ नगा," तो म्हणाला. "वरच्या गावच्या पाटलाची सून कालधरनं न्हाय. म्या शेळी हुडकत बायकांच्या पाणवठ्याकडं गेलतो. तितं पार कड्याच्या कडंला तिची घागर व्हती. पालथी. लई वरडलो, पर खालनं ओ न्हाय की ठो न्हाय. मंग समदं गाव गोळा झालं."

बेपत्ता माणसाची वर्दी ठाण्याला देणे हे पाटलाचे काम. इथे त्याच्याच घरची सून गेली होती आणि वर्दी नव्हती. मी लगेच घोडा काढला.

पाटील उंचापुरा, शब्दाला धार असलेला. "गेली आसंल कुटं. आमच्या घरची अब्रू ठाण्यात कशाला मांडू?" असे तोंडावर म्हणाला. चौकशीत कळले ते असे. खालचे गाव सुनेचे माहेर. तिची आई अंथरुणाला खिळलेली. डोळे मिटायच्या आत भेटून जा, असा निरोप आला होता. पण लग्नातल्या मानपानावरून पाटलाचे व्याह्यांशी बोलणे तुटलेले. त्याने पाठवायला साफ नकार दिला. घरात भांडण झाले आणि दुसऱ्या दिवशी सून पाण्याला गेली ती परतलीच नाही. खिंडीच्या गाडीरस्त्याने जाताना तिला कुणी पाहिले नव्हते.

मी कड्यावर पंचनामा केला. पाणवठ्याकडे पुरुषमाणूस फिरकत नसे, त्यामुळे पंचही बिचकतच आले. घागर एका सपाट दगडावर पालथी घातलेली, वाऱ्याने घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी धोंडे लावलेले. तिला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. मी वाकून खाली पाहिले. इथून पडलेला माणूस वाचणे शक्यच नव्हते. पण आभाळात एकही गिधाड घिरट्या घालत नव्हते. जीव द्यायला निघालेली बाई घागरीला धोंडे लावत बसेल का, हेही मनातून जाईना.

नवऱ्याला चावडीत बसवून घेतले. पंचविशीचा, हाडापेराने मजबूत, पण मान वर करीना.

"हात उचललास?"

"न्हाय जी."

"मग बायको कुठे गेली?"

"ठावं न्हाय. ती बाबाच्या पाया पडत व्हती. म्या गप बसलो. एक शब्द बोललो असतो तर..." आणि तो हुंदके देऊन रडू लागला.

रडण्यावर केस सुटत नाही. भांडण घरात झालेले, बाई गायब. संशयित म्हणून त्याला ताब्यात ठेवणे भाग होते. सकाळी त्याला नातेपुत्याला न्यायचे ठरले.

सकाळी त्याची आई, म्हणजे पाटलीणबाई, भाकरी घेऊन चावडीत आली. पन्नाशीची, काटक. भाकरी ठेवली आणि मला म्हणाली, "सायेब, आजचा दीस ह्याला हितंच डांबून ठिवा की. आन् पाटलास्नीबी गावाभाईर सोडू नगा."

सोडा म्हणायला आई येते. डांबून ठेवा म्हणणारी मी पहिल्यांदाच पाहत होतो. सून मेली असती तर ही बाई रडली असती, निदान रडण्याचे सोंग तरी केले असते. हिला हवा होता वेळ. आणि मेलेल्या माणसासाठी कुणी वेळ मागत नाही. बापलेक गावात अडकले की सुनेला माहेराहून ओढून आणायला खाली जाणारे कुणी उरत नव्हते.

मी तिला बाजूला घेतले. "सून खाली पोचली का?"

तिचा हात पदराशी थांबला. "तुमची आई हाय का, सायेब?"

"आहे. गावाकडे असते."

"मंग इचारू नगा."

"बाई, सुनेला जिवंत पाहिल्याशिवाय मला तुमच्या मुलाला सोडता येणार नाही. कागद एकदा सोलापूरला गेला की खुनाचं कलम लागतं. फासावर जाईल तो."

ती चावडीकडे बघत उभी राहिली. पोटचा मुलगा एकीकडे, सुनेची मरणाला टेकलेली आई दुसरीकडे. मग हलक्या आवाजात म्हणाली, "बूट काढा."

पाणवठ्यामागे तिने करवंदीची जाळी बाजूला सारली. कडा चिरून खाली गेलेली एक अरुंद घळ दिसली. काळ्या दगडात टाचा मावतील असे खळगे होते. कुणी खोदलेले नव्हते, वापराने पडले होते. बूट गळ्यात अडकवून सरकारचा फौजदार पालीसारखा दगडाला चिकटून उतरू लागला.

"हितं टाच ठिवा. आता वळा. खाली बगू नगा." उतरता उतरता ती सांगत होती. "वर दिल्याल्या लेकी समद्या हितनंच जात्यात. कुणाची आई आजारी, कुणाची भन बाळंतीण. जाणारीनं घागर पालथी घालायची. मागनं येणारी ती घरी न्हेती, काय सांगायचं ते सांगती. ह्या खेपंला बायकांच्या आदी त्यो शेळीवाला आला."

घळ संपली तिथे ती थांबली. "ती चिंच दिसती न्हवं, त्येच गाव. माझंबी म्हायेर तितलंच. माझी आई आजारी पडली तवा मला कुणी धाडलं न्हाय. ही वाट मला लई उशिरा कळली. पळत गेले, तर सरण इझलं व्हतं." तिने डोळे पुसले नाहीत. "म्हनून हिला मीच धाडली."

आणि ती आल्या वाटेने वर गेली. घरी स्वयंपाकाची वेळ झाली होती.

खाली सून आईच्या उशाशी बसून पळीने पाणी पाजत होती. मला पाहून उठायला गेली, पण आईने धरलेला हात सुटेना.

"न्ह्याला आलाय व्हय?"

"नाही. जबाब घ्यायचाय. इथे कशी आलीस?"

तिने माझ्या ओरखडलेल्या पायांकडे पाहिले, गळ्यातल्या बुटांकडे पाहिले. "पायी," ती म्हणाली.

मी तसेच लिहिले. पायी आले, स्वखुशीने आले.

दुसऱ्या दिवशी गाडीरस्त्याने वर जाऊन मुलाला सोडले. "कुटनं गेली ती?" पाटलाने विचारले. "जबाबात पायी आहे," मी म्हणालो. सोडलेला मुलगा घरी गेला नाही. त्याने चावडीपुढेच गाडी जुंपली आणि बापाला म्हणाला, "म्या सासूबाईस्नी बगून येतो. ती यील तवा यील." पाटलीणबाई दारात उभी राहून ऐकत होती. सुनेची आई पुढे काही दिवसांनी गेली, लेकीच्या मांडीवर.

सगळे गाव गप्प बसले की काहीतरी लपवलेले असते, हे आम्हां पोलिसांचे गणित चुकीचे नाही. पण लपवलेले सगळेच वाईट नसते, हे मला त्या कड्याने शिकवले. पुढे तीस वर्षांच्या नोकरीत त्याचा फार उपयोग झाला.

मध्यंतरी एस.टी.ने त्या गावी जाऊन आलो. आता वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. घळ उतरायचे माझे वय नाही, नुसते बघावेसे वाटत होते. पाणवठ्याच्या अलीकडेच थांबलो. एक तरुण सून पाणी भरून येत होती. तिला विचारले, "बाई, इकडून खाली जायची एक वाट होती ना?"

"हितं कसली वाट, आजोबा? नुसता कडा हाय की," ती कड्याकडे न बघताच म्हणाली आणि पुढे गेली.

सवयीने माझी नजर तिच्या पायांकडे गेली. घोट्यांवर करवंदीचे ओरखडे होते, ताजे. मी पुढे काही विचारले नाही. डोळे भरून आले होते, ते पुसले आणि एस.टी.च्या थांब्याकडे वळलो.