अंधारशेठांना हवा तो काळा

अंधारशेठ हे नाव गल्लीने ठेवलं. लाल दिव्याच्या खोलीत फोटो धुण्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला गल्ली दुसरं काय म्हणणार? रंगीत फोटोंना ते ‘जत्रा’ म्हणत. फोटो फक्त कृष्णधवल, आणि त्यातला काळा विहिरीच्या तळासारखा.

मग हातांची सालं निघू लागली. डॉक्टर म्हणाले, “रसायनं बंद. नाहीतर हात बंद.” म्हणजे आता मोठा इंकजेट प्रिंटर घ्यायचा, नाहीतर छापणंच सोडायचं. सोडायचं म्हणजे दिवसभर घरात बसायचं. ही शिक्षा नक्की कोणाला, यावर बायकोचं मत वेगळं होतं.

मशिनींच्या परीक्षेला त्यांनी एकच फोटो निवडला: थोरला भाऊ, कारखान्यातल्या भट्टीपुढे उभा. तोंडावर उजेड, बाकी काळोख. निगेटिव्ह संगणकावर चढवून त्यातला उजेड-अंधार त्यांनी स्वतः जुळवला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

पहिल्या दुकानातला विक्रेता कौतुकाने म्हणाला, “काका, हिच्यात नुसत्या काळ्या-करड्याच चार शाया आहेत.”

“चौघी मिळून एक काळा जमत नाही?” फोटो दारातल्या उन्हात धरून शेठांनी नाक मुरडलं. “शी! हे भांड्यांचं धुवण आहे.”

दुसऱ्या दुकानात मशीन वेगळी, कागद जाडजूड सुती. शेठ म्हणाले, “कागद चांगला. त्यावर राख कशाला सांडलीत?” तिसऱ्याने चकचकीत कागद लावून पाहिला. “माझा भाऊ भट्टीवर कामाला होता, वरातीत नव्हता.”

“काका, तुम्हाला मशीन नकोय,” तिसरा वैतागून म्हणाला, “भांडण हवंय.”

“ते तरी तुमच्याकडे धड मिळतंय का?”

घरी येऊन त्यांनी तिन्ही फोटो टेबलावर आपटले. “संपलं. गाळ छापण्यापेक्षा न छापलेलं बरं.” आवाज मात्र नेहमीसारखा चढला नाही.

त्यांचे ओले फोटो दोरीवर वाळत घालण्यात बायकोचा संसार गेला होता. तिने तिन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. “तिन्ही मशिनी वाईट?”

“तिन्ही.”

“आणि तिन्ही अगदी सारख्याच वाईट? एखादी कमी नाही, जास्त नाही?”

शेठ तिन्ही फोटोंवर वाकले.

“अहो, हा एवढा उजळ केला कोणी?”

“मी. ओला फोटो वाळला की काळवंडतो. म्हणून आधीच जरा उजळ ठेवायचा. हे तुला नव्याने सांगू?”

“पण हा भिजला कधी?”

चहात माशी सापडावी तसा शेठांचा चेहरा झाला. रात्री जेवताना ते फक्त आमटीशी बोलले, तेही वाईट.

सकाळी फोटो नव्याने जुळवून ते पहिल्याच दुकानात गेले. विक्रेत्याने त्यांना बघून देवाचं नाव घेतलं. फोटो बाहेर आला. भावाचा सदरा काळोखात विरला होता, आणि तरी त्याची बटणं दिसत होती. शेठांनी तो दारातल्या उन्हात धरून एकेक बटण मोजलं.

“आता काय झालं?” विक्रेत्याने घाबरत विचारलं.

“काही नाही. हीच पाठवून द्या. आवाज मात्र घाणेरडा करते.”

मशीन घरी आली, घाणेरडा आवाज करत तिने भावाला बाहेर काढलं. शेठांनी फोटो वरच्या दोन कोपऱ्यांना धरून उचलला आणि सवयीने निथळायला धरून ठेवला. बायकोने दोरीवरचा चिमटा काढून पुढे केला.