शिवेवर झोपलेला बैल

माझं लग्न एका बैलाच्या झोपेमुळे अडलं होतं, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी थापा मारतोय. मी गुरांचा डॉक्टर, ऐंशी सालच्या आसपास नुकताच नोकरीला लागलेला. घर दहिवलीला, मुलगी शेलूची.

वडिलांनी हौसेनं मला घरच्या बैलगाडीतून नेलं. शेलूच्या शिवेवर गाडी थांबवून बैलांच्या शिंगांच्या टोकांवर नव्या पितळी टोप्या, शेंब्या, ठोकल्या. घाईत एका बैलाचं शिंग चिरलं आणि तो बिथरला. मी हळदीच्या हातांनीच पिशवी उघडली. वेदना मारणारं, जरा गुंगी आणणारं इंजेक्शन वजनाच्या हिशेबानं टोचलं. बैल शांत झाला. मग बसला. मग चक्क घोरायला लागला!

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा बैल मुलीच्याच घरच्या गाईचा गोऱ्हा, वडिलांनी विकत आणलेला. आदल्या वर्षी हेच औषध टोचल्यावर ती गाय दिवसभर उठली नव्हती. त्या गाईपाशी बसून बसूनच तर मुलीचं नि माझं जमलं होतं! औषध असं चढणं रक्तातच होतं, आईकडून लेकाकडे आलेलं. पुस्तक वजन विचारतं, आई कोण ते विचारत नाही. आणि मला त्या दिवशी नवरीशिवाय काही सुचत नव्हतं.

"नवरदेव पायी गेला तर शोभा व्हईल," म्हणून वडील अडून बसले. दुसरा बैल जुंपावा, तर लग्नात जोडी मोडणं अशुभ. इकडे मुलीच्या मामांचा निरोप आला, गोरज मुहूर्त टळला तर लगीन नाय. सूर्य कलला होता. मी बैलाच्या कानात ओरडलो, पाणी मारलं, शेवटी हात जोडले. त्यानं शेपूटही हलवली नाही. मला रडू येत होतं नि हसूही आवरत नव्हतं.

तेवढ्यात वाजंत्री जवळ आली. बघतो तर तेच मामा तोंड पाडून अंतरपाटाचं एक टोक धरून येतायत, दुसरं टोक भटजींच्या हातात. पाटाखालून पिवळ्या साडीचे काठ नि दोन पावलं तेवढी दिसत होती.

"त्याला उठवू नका रं," पाटामागून तिचा आवाज आला. "आधी लगीन लावा. मी आले हाय."

वडिलांनीच पुढे होऊन अक्षता वाटल्या. मंगलाष्टकं शिवेवरच झाली, निम्म्या अक्षता बैलावर पडल्या. अंतरपाट खाली आला तेव्हा ती हसून हसून लाल झाली होती. ही पोरगी सगळ्या गावादेखत माझ्यासाठी चालत आली होती. मी जमिनीवर नव्हतोच.