सातवं दार

माझी बहीण वायो आमच्या बेटावरच्या रेडिओ केंद्रात काम करते. कुठल्याही म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग लावण्याआधी ती त्याच्या घरी फोन करते. पंधरा वर्षांत एकदाही चुकली नाही. म्हातारे आता स्वतःच फोन उचलून सांगतात, “अजून आहे गं. लाव.” गाव हसतं. मला हसू येत नाही, कारण ज्या प्रकारामुळे ही सवय लागली तो माझ्या दारात घडला.

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. रेडिओवर आपली भाषा ऐकूच येत नाही म्हणून तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी भांडून सकाळचा अर्धा तास मिळवला होता. पहिल्याच कार्यक्रमात आमच्या शेजारचे आजोबा होते. त्यांचं नाव मी घेणार नाही. गेलेल्याचं नाव आम्ही ताओ लोक घेत नाही. गल्ली चढताना प्रत्येक दारात थांबून हाक मारायची आणि वर एक टोमणा हाणायचा, ही त्यांची सवय. वायोने दोनच दिवस आधी त्यांच्यामागे चालत ते सगळं रेकॉर्ड करून घेतलं होतं. समुद्राकडून सात घरं, मग त्यांचं स्वतःचं. सातवं आमचं.

कार्यक्रमाच्या सकाळी आजोबा अळूच्या खाचरात गेले आणि तिथेच गतप्राण झाले. निरोप येताच गल्लीतले पुरुष भाले घेऊन त्यांना आणायला निघाले. माझं बाळ चार दिवसांचं, म्हणून मला मागे ठेवलं. माणूस कितीही भला असो, मेला की त्याचा आनितो, म्हणजे भूत होतो, आणि आनितोला आम्ही सगळेच भितो; भाले त्याला दूर ठेवायलाच.

तेवढ्यात घराघरांतून आजोबा बोलू लागले.

“घरात कोण आहे? मासे सुकवलेस की मांजरीला वाटलेस?”

पहिल्या घरातली बाई किंचाळत बाहेर आली. दुसऱ्या घराने दार लावलं. रेडिओबद्दल वाडवडिलांनी काही सांगून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात एकच आलं: मेलेला माणूस दारोदार हाका मारत वर येतोय. पाचव्या घराशी आवाज असताना कोणीतरी रेडिओवर फोन करून वायोला बातमी सांगितली. आता बंद केलं तर तो पाचव्या दारातच राहील, हे त्या पोरीलाही कळत होतं. तिने चालू ठेवलं. सहावं घर झालं.

आमचाही रेडिओ चालूच होता. तो बंद करायला हात लावायची माझी छाती होईना. आईने बाळाला पोटाशी धरलं, बायको तिच्यामागे लपली. वडिलांचा जुना भाला घेऊन मी दारात उभा राहिलो.

“घरात कोण आहे? आधी पत्रा ठोकून घे रे, बाळ भिजेल. येतो मी बाळाला बघायला.”

आणि आवाज बंद झाला. तिथेच.

मी वाट पाहिली. पुढचं घर त्यांचं स्वतःचं होतं. तिकडे जातील, सुटू आपण. रेडिओतून नुसती खरखर येत राहिली.

महिनाभर मी भाला उशाशी घेऊन झोपलो. बाळ शिंकलं तरी माझं काळीज लक्कन हलायचं. पोरगं वाचलं, आज खांद्याला लागतंय. पण वायोला मी माफ केलं नाही. सहा घरं पार करवलीस आणि माझ्याच दारात सोडलंस? किती वेळा विचारलं असेल. ती म्हणायची, हात थरथरला.

गेल्या महिन्यात आजोबांमागे उरलेल्या शेजारच्या आजीही गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर वायोने मला रेडिओत बोलावलं, भर दुपारी, आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आमच्या घराची हाक झाली. मग थोडी पावलं, थोडा खोकला.

“अगं, पोचलो. दार उघड.”

मी हेडफोन फेकले. वायोने ते उचलून टेबलावर ठेवले.

“तुझ्या घरात तुम्ही चौघं होतात, दादा,” ती म्हणाली. “पुढच्या घरात आजी एकटी रेडिओपाशी बसली होती. तिने उघडलं असतं.”