चिलीला जाणारं टिंब

आमच्या औषध कारखान्यात नवं लेबल खिडकीच्या काचेवर धरून तपासतात. उजेडात छपाईतले दोष दिसतात. काल हृदयाच्या औषधाचं स्पॅनिश लेबल धरलं. मात्रा होती १.२५० मिलिग्रॅम. मेक्सिकोत याचा अर्थ सव्वा. चिलीत मात्र दशांशाला स्वल्पविराम देतात आणि टिंबाने हजार तोडतात. तिथली नर्स हेच साडेबाराशे वाचेल.

"दोन्हीकडे स्पॅनिशच ना? मग एकच लेबल चालेल," असं साहेबांनी ठरवलं होतं.

"टिंबाकडे काय बघत बसलीस? माशी बसली असेल गं," शेजारच्या शैलाताई हसल्या. मी त्यावरून बोट फिरवलं. ते हललं नाही.

गावच्या शाळेत गुरुजी दशांशचिन्ह देताना खडू इतका दाबत की तो तुटे. आमच्या घरातली पहिली पदवी मला मिळाली, ती त्या तुटक्या खडूंमुळे. पण ते टिंब साऱ्या जगात सारखंच असतं, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो.

मी सांगताच चिलीची खोकी साहेबांनी लगेच थांबवली. मग त्यांनीच हळूच विचारलं, "मागच्या महिन्यात चिलीला जी खोकी गेली, त्यांच्यावर काय होतं?"

शैलाताईंचं हसू थांबलं. काचेवर, आभाळाच्या मधोमध, टिंब तसंच होतं.