रव्याच्या विड्या

अंबुबाईबद्दल चर्चच्या मंडळीच्या अंकात चार ओळी लिहा, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. मी आजवर लिहिलं ते निपाणीच्या बसस्टँडवरच्या रजिस्टरात. गाडी आली, गाडी गेली, लेट. तेव्हा सांभाळून घ्यावं.

गेल्या वर्षी माझ्या बायकोला, विनोदिनीला, अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोटं वळायची असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच. जितकी हलवाल तितकी बरी. तिला फार काही नको होतं. चहाचा कप आपल्या हातानं धरता यावा, एवढंच.

संकटाचा काळ वाया घालवू नये, हे मी प्रवचनांत ऐकलेलं. त्यात पस्तीस वर्षं कंट्रोलर. वेळापत्रक करून भिंतीला लावलं. पहाटे पाचला प्रार्थना, मग वाचन, दहाला आजाऱ्यांसाठी विनंत्या, दुपारी मनन. बोटांचा व्यायाम चार ते चार-दहा. बुधवारच्या प्रार्थनासभेत तो कागद वाचूनही दाखवला. दोघांनी त्याचा फोटो काढून घेतला. महिनाभर मी एकही वेळ चुकवली नाही. बायकोच्या हातातला रबरी चेंडू मात्र रोज पडायचा, आणि चार-दहा झाले की मी तो उचलून कपाटात ठेवायचो.

अंबुबाई आमच्या मागच्या गल्लीतली. विधवा, विड्या वळून पोट भरणारी, चर्चमध्ये सगळ्यांत मागं बसणारी. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास येतो, अशी तक्रार मंडळीच्या बैठकीत एकदा मीच केली होती. एका दुपारी ती विड्या वळायचं सूप घेऊन आली. काम हातांचं आहे, कुठंही बसून होतं, तर आक्कापाशी बसते म्हणाली. थोड्या वेळानं बघतो तर विनोदिनीच्या मांडीवर भिजवून कापलेली पानं. आमच्या घरात तंबाखू चालणार नाही, असं मी बजावलं.

"तंबाखू न्हाय घालत, अण्णा. वाटीभर रवा द्या."

दिला. तेव्हापासून रोज दोन ते सहा दोघी वळत बसायच्या. रवा सांडायचा, पान सुटायचं. अंबुबाई बायकोची बोटं आपल्या बोटांत धरून पुन्हा वळायला लावायची. प्रार्थनेला वेगळा वेळ तिला कधी मिळालाच नाही. म्हणून पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधून झाला की ती एका माणसाचं नाव देवापुढं घेते. आमच्याकडं बांधलेल्या पहिल्याच कट्ट्याला तिनं माझं नाव घेतलं. मी सुखावलो. का, म्हणून विचारलं.

"तुमची गरज लई हाय," ती म्हणाली. "आक्का दिवसभर एकटी असतीया."

मी तर पलीकडच्याच खोलीत होतो. मनन करत.

वेळापत्रक फाडण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं. त्याच्यावर कॅलेंडर टांगलं आणि दुसऱ्या दिवशी मीही सूप घेऊन बसलो. माझ्या विड्या अंबुबाई पास करत नाही. त्यामुळं एका माणसाची प्रार्थना व्हायला मला दोन-तीन दिवस लागतात. घरात उपीट होणं बंद झालं, ते वेगळंच.

तीन महिने संपायला चार दिवस असताना विनोदिनीनं कप धरला. अर्धाच भरलेला, करंगळी अजून बाहेरच. चहा संपवून तिनं माझ्या सुपातली एक सुटलेली विडी उचलली, सावकाश वळली आणि परत ठेवली.

"कंट्रोलर, तुमची गाडी लेट आली," ती म्हणाली.

महिनाभर लेट. नोंद करून ठेवली आहे.